प्राचार्यांना कागद हवा

आढाव सरांवर चार ओळी लिहून द्या, असा कॉलेजातून निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. सर आता चर्चच्या सेवेतून निवृत्त झाले, त्यांच्यावर एक पुस्तिका निघतेय म्हणे. प्राध्यापक लोकांनी लिहून दिलंय: 'देवमाणूस', 'शिस्तीचे भोक्ते', 'आम्हां सर्वांचा आधारवड'. हेच लोक स्टाफरूमला आतून कडी घालून त्यांना काय काय म्हणायचे ते मी ऐकलंय. कप उचलायला मी आतच असायचे.

मला त्या माणसाचा राग येतो. अजून येतो. आणि आज डोंबिवलीच्या एका अभ्यासिकेत मी टेबलामागच्या खुर्चीवर बसते, स्पर्धा परीक्षेची पोरं मला 'मॅडम, जागा आहे का?' विचारतात, ते त्यांच्यामुळेच. म्हणून आधारवड वगैरे मला लिहिता येणार नाही. जे झालं ते लिहिते. छापायचं तर छापा.

रेव्हरंड शांतवन आढाव हे मेथडिस्ट चर्चचे पाळक आणि बाळकुमच्या आमच्या कॉलेजचे प्राचार्य. कॉलेजही चर्चचंच. उंच, वाळका माणूस. राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. पांढरी कॉलर फक्त रविवारी. नवीन मुलं त्यांना 'फादर' म्हणायची. एकदा एक पोरगा अर्ज घेऊन आला, "फादर, सही पाहिजे."

"मी फादर नाही," सर म्हणाले. "फादर लग्न करत नाहीत. माझी बायको या क्षणाला क्वार्टरमध्ये माझ्यावर चिडून बसलेली आहे. सर म्हणा."

पोरगा हसला. सर हसले नाहीत. अर्जातल्या दोन चुकांना लाल गोल करून त्यांनी अर्ज परत दिला.

सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे. शिपायाला तुम्ही, सफाईवाल्याला तुम्ही, अठरा वर्षांच्या पोराला तुम्ही. ऐकायला बरं वाटतं. पण रोज ऐकलं की कळतं, हा माणूस कोणाला जवळ येऊ देत नाही. हेडक्लार्क म्हात्रे तर म्हणायचा, "कुत्र्याला पन बोलतो, तुम्ही बाहेर व्हा." म्हात्रे बाळकुमचाच. कॉलेज उभं आहे ती जमीन म्हणजे त्याच्या आज्याची भाताची खाचरं, हे तो दर दोन दिवसांनी ऐकवायचा. सरांबद्दल त्याचं मत ठरलेलं होतं: "यो मानूस नाय, घड्याल हाय घड्याल. चावी कोन देतं तां बगाला पायजे."

उशिरा आलेल्याला सर एकच वाक्य बोलायचे. "कारण नको, वेळ सांगा." आमच्या ग्रंथपाल जोशीबाईंच्या सासूबाईंना पहाटे दवाखान्यात न्यावं लागलं, बाई चाळीस मिनिटं उशिरा पोचल्या. सरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "सासूबाईंसाठी प्रार्थना करीन. लेट मार्क राहील." आणि खरंच, त्या रविवारी चर्च आटोपून हे डोंबिवलीला त्यांच्या घरी हजर. म्हातारीच्या उशाशी दहा मिनिटं उभे राहिले, डोळे मिटून. पाणीसुद्धा घेतलं नाही. सोमवारी बाईंनी मस्टर उघडलं. लेट मार्क होता तिथेच होता.

"घरी येऊन गेला मेला," बाई मला म्हणाल्या, "आता धड शिव्यापण देता येत नाहीत."

ठेकेदाराची गोष्ट तर सगळ्या कॉलेजला पाठ आहे. नाताळच्या आधी फर्निचरवाला ठेकेदार रिबीन बांधलेलं खोकं घेऊन आला. ख्रिश्चन माणूस म्हणजे बाटली चालणारच, हा त्याचा हिशेब. मेथडिस्ट लोकांत दारूचा थेंबही वर्ज्य, अगदी चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीलासुद्धा ते काळ्या द्राक्षांचा उकळलेला रस घेतात, हे त्याला कोण सांगणार? सरांनी खोकं उघडलं, बाटली काढली, त्याच्यासमोर बेसिनमध्ये ओतली. नळ सोडून बाटली विसळली. पुन्हा खोक्यात ठेवून रिबीन होती तशी बांधली आणि त्याच्या हातात दिली. "बाटली आपली आहे."

लोक हे रंगवून सांगतात आणि टाळ्या देतात. पुढचं सांगत नाहीत. त्या ठेकेदारानं आमच्या ग्रंथालयाच्या खुर्च्या सहा महिने लटकवल्या. पोरं उभ्यानं वाचायची, खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून लिहायची. साहेबांचं तत्त्व साहेबांपाशी, पाय दुखले पोरांचे.

आता माझं सांगते. मी शोभा, देगलूरकडची. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला नदी ओलांडून जावं लागायचं, आणि पोरीला रोज नदीपलीकडे पाठवायला घरचे तयार नव्हते. लग्न होऊन कोपरला आले. नवरा डोंबिवलीच्या कारखान्यात. बाळकुमच्या कॉलेजात ग्रंथालयाला परिचर पाहिजे असं कळलं, पण दहावी पास पाहिजे होती. दीर म्हणाला, "वैनी, पास लिवा ना. मार्कशीट पुरात गेली म्हणायचं. कोण बघायलंय?" मी लिहिलं. दुसरी प्रत आणून देते, असं ऑफिसात सांगितलं. तेव्हाचे प्राचार्य मऊ होते, त्यांनी घेतलं. दोन वर्षांनी आढाव सर आले.

नंबर पाहून पुस्तक जागेवर लावणं, फाटलेल्या पानाला कागद चिकटवणं, कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात ते न बघता सांगणं, मला सगळं यायचं. जोशीबाई म्हणायच्या, शोभा नसली की मला माझंच ग्रंथालय परकं वाटतं. पण ऑफिसातून कोणी हाक मारली की मनात एकच यायचं. घरी पोळी लाटताना सुद्धा मनात तेच. आज कळेल. आज काढतील.

आणि सोमवारचा वर्ग. ही सरांनी आणलेली रीत. त्यांच्या चर्चमध्ये फार जुनी आहे म्हणे. थोडी माणसं गोल बसतात आणि प्रत्येकानं आपला आठवडा कसा गेला, काय चुकलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. सरांनी ते कॉलेजात सुरू केलं. सोमवारी पहिल्या तासाआधी, ग्रंथालयात, प्राध्यापकांपासून शिपायापर्यंत. "देवाचं नाव घ्यायची गरज नाही," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "चूक सांगायची. कोणी उत्तर द्यायचं नाही, समजूत घालायची नाही. आणि इथलं इथेच राहील. मीसुद्धा ते बाहेर नेणार नाही."

लोकांनी त्याची चेष्टा केली. कोणी म्हणायचं, मी मुलांवर ओरडलो. कोणी, मी मोबाईल जास्त बघितला. म्हात्रे उभा राहिला, "सर, मी चतुर्थीला सुके बोंबील खाल्ले." सगळे खाली माना घालून हसले. सर म्हणाले, "ऐकलं. पुढचे." स्वतःचं मात्र ते खरं सांगायचे. एकदा म्हणाले, "या आठवड्यात मी तीन दिवस पत्नीशी बोललो नाही. चूक माझी होती." दुपारपर्यंत ते चौथ्या मजल्यापर्यंत पोचलं होतं. इथलं इथेच ठेवणारे तेवढे एकटेच.

त्या जुलैत कायम करायच्या लोकांची यादी ठाण्याच्या ऑफिसला जायची होती. यादीत माझं नाव होतं. खाली प्राचार्यांनी सही करायची की कागद तपासले. मला जेवण जाईना. आणि तेव्हा मी डोकं चालवलं. मला वाटलं, वर्गात सांगून टाकावं. एकदा तिथे सांगितलं की सर बांधले गेले. इथलं बाहेर न्यायचं नाही म्हटलंय ना? मग ते बोलणार नाहीत, आणि मनावरचा दगडही उतरेल. शहाणी समजत होते मी स्वतःला.

सोमवारी माझी पाळी आली. "मी दहावी नाही," म्हटलं. "सातवीत शाळा सुटली. मार्कशीट पुरात गेली नाही. नव्हतीच."

जोशीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. सर त्याच आवाजात म्हणाले, "ऐकलं. पुढचे."

सुटले, असं वाटलं मला. अकरा वाजता केबिनमध्ये बोलावणं आलं.

"शोभाबाई, यादी जायची आहे. तुमची मार्कशीट फाईलला नाही. उद्या आणा."

मला आधी वाटलं, हे गंमत करतायत. पण गंमत हा त्यांचा प्रांत नव्हता.

"सर, तुम्हाला ठाऊक आहे ना."

"शांतवन आढावला ठाऊक आहे. तो कोणाला सांगणार नाही. प्राचार्यांना ठाऊक नाही. प्राचार्यांना कागद हवा."

"पण तुम्हीच तर..."

"उद्या पाच वाजेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी पाच वाजले, सहा वाजले. माझ्या नावावर लाल रेघ पडली. शेरा एवढाच: 'कागद सादर केला नाही.' खोटं बोलले असं कुठेही लिहिलं नाही. तेवढं वचन त्यांनी पाळलं. आणि मला ग्रंथालयातून काढून सफाईच्या ठेक्यात टाकलं, कारण झाडू मारायला दहावी लागत नाही. चार वर्षं ज्या कपाटांना मी हात लावत होते, त्यांच्यासमोरची लादी मी आता बादली घेऊन पुसायला लागले.

म्हात्रेनं जिन्यात गाठलं. "अगं बाय, तुला कोनी सांगितलेला त्या गोलात बोलाला? मी तुजा कागद कवाच खाली सारलेला. सही करून मोकला झाला असता तो, त्याला कलला पन नसता." त्या दिवशी मी बाथरूमचा नळ सोडून रडले.

आठवड्यानं सरांनी पुन्हा बोलावलं. टेबलावर एक छापील कागद ठेवला. सतरा नंबरचा फॉर्म. शाळेबाहेरून दहावीला बसायचा. "सातवीचा दाखला गावाहून आणा. खरा. शिकवायला मी आहे. रोज सकाळी सव्वासहा."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. नाही म्हटलं नाही, कारण डोळ्यांसमोर ग्रंथालयातली ती जागा होती, अजून रिकामी. पास झाले की परत तिथेच, हे मी मनाशी पक्कं केलं. सरांनी तसं कधी म्हटलं नाही. मी कधी विचारलं नाही.

आठ महिने. साडेचारला उठून डबा, कोपरहून ठाणे, तिथून बस. केबिनचं दार सताड उघडं, आणि बाहेर व्हरांड्यात त्यांची बायको, रत्नमालाबाई, लसूण सोलत बसलेल्या. तसं त्यांना बसवलेलंच असायचं, कोणी काही बोलू नये म्हणून. सर गणित शिकवायचे म्हणजे वही बघून परत करायचे. "चूक आहे."

"कुठे सर?"

"ते मला ठाऊक आहे. तुम्ही शोधा."

एकेका गणितावर मी तीन तीन दिवस घालवले. 'बरोबर' म्हणताना सुद्धा त्यांचा चेहरा असा, की आपण काहीतरी चोरलंय. 'शाब्बास' हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. एकदा डोळे भरून आले तर रत्नमालाबाईंनी बाहेरूनच खुणेनं बोलावलं. "रडायचं तर इकडे येऊन रडा. त्यांच्यासमोर रडलं की ते जास्त अवघड घालतात." मग लसणाची पाकळी नखानं सोलत म्हणाल्या, "आमच्या दोघा पोरांनाही यांनीच शिकवलं. दोघं हुशार निघाले. फोन मला करतात."

कोपरला चाळीत कुजबुज सुरू झाली. शेजारीण म्हणाली, "रोज पहाटे त्या पाद्र्याकडे काय जातेस? बाटवतील हां तुला." मी ते सरांना सांगितलं. राग यावा म्हणूनच सांगितलं.

ते वहीतून वर न बघता म्हणाले, "बाटवायला वेळ लागतो. तुमचं बीजगणित कच्चं आहे."

मार्चमध्ये पेपर दिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी ग्रंथालयाची लादी पुसत होते आणि जोशीबाईंच्या शेजारी एक नवा मुलगा बसलेला दिसला. पदवीधर, चांगला पोरगा. त्याच्या हातात माझी चिकटपट्टी होती.

जागा भरली होती. माझा निकाल लागला त्यानंतर तीन आठवड्यांनी. बासष्ट टक्के. गणितात एकाहत्तर. कागद घेऊन मी केबिनमध्ये गेले. सरांनी मार्कशीट उजेडाला धरली, शिक्का बघितला, बैठक क्रमांक बघितला. "अभिनंदन."

"सर, जागा..."

"जागा भरली आहे."

एवढंच. मी बादली उचलली आणि गेले. घरी नवऱ्यानं पेढे आणलेले होते. मी एक तोंडात घातला, गिळवेना.

पुढे मीच बाहेर अर्ज करायला लागले. एक शिफारसपत्र द्या म्हणून सरांकडे गेले. दुसरा कोणी असता तर अर्धं पान लिहिलं असतं, मेहनती आहे, प्रामाणिक आहे. यांनी लिहिलं: 'सौ. शोभा दहावी उत्तीर्ण आहेत. मी कागद तपासला आहे. पुस्तके जागेवर लावतात.' खाली सही. अभ्यासिकेच्या मालकांनी नंतर मला सांगितलं, एवढं कोरडं पत्र आम्ही पाहिलं नव्हतं, म्हणून खरं असेल असं वाटलं. पण ते पुढच्या जानेवारीत.

त्याच्या आधी थंडीत सरांची बदली झाली. त्यांच्या चर्चमध्ये वर्षातून एकदा सगळे पाळक जमतात आणि बिशप नेमणुकांची यादी वाचतात. नाव वाचलं की उठायचं आणि जायचं, का म्हणून विचारायचं नाही. सरांना विदर्भातलं एक लहानसं गाव मिळालं, तिथे चर्चला येणारी जेमतेम चाळीसेक घरं. प्राध्यापकांनी वर तक्रारीची पत्रं लिहिली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनाही असणार. म्हात्रेनं ऑफिसात पेढे वाटले. मीही घेतला, आणि तो मात्र सहज उतरला.

जायच्या दिवशी निरोपसमारंभ नव्हता. त्यांनीच नको म्हटलं होतं. सकाळी साडेसातची वेळ. खाली टेम्पोत कपाट, पुस्तकांची खोकी, रत्नमालाबाई पुढे ड्रायव्हरशेजारी. मी ऑफिसबाहेरची लादी पुसत होते. केबिनच्या दारापासून जिन्यापर्यंत सगळी ओली. सर चाव्या ठेवून बाहेर आले आणि उंबऱ्यावर थांबले. मागे एक प्राध्यापक घसरून पडले होते तेव्हापासून त्यांचाच नियम होता: ओल्या लादीवर कोणी पाय द्यायचा नाही. पुसणारीनं वाळली म्हटल्यावरच जायचं.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"दहा मिनिटं."

पंखा चालू होता. चार मिनिटांत वाळते ती लादी. त्यांनी घड्याळ बघितलं आणि उभे राहिले, हातात पिशवी.

खालून हॉर्न वाजला. रत्नमालाबाईंची हाक आली, "अहो, येताय ना?"

"लादी ओली आहे," ते म्हणाले. खाली रत्नमालाबाईंना ऐकू गेलं नसेल.

मी फडकं पिळत होते. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "सर, जूनमध्ये तीन आठवडे थांबला असतात तर?"

"थांबता आलं असतं."

"मग?"

ते लादीकडे बघत म्हणाले, "मी तुम्हाला शिकवत होतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. लोक म्हणाले असते, पाळकानं आपल्या बाईसाठी जागा अडवली."

"म्हणू द्यायचं होतं ना."

"हो," ते म्हणाले. "म्हणू द्यायचं होतं. मी लोकांच्या तोंडाला भ्यालो आणि त्याला नियम म्हटलं. नुकसान तुमचं झालं."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की मला हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. माफी त्यांनी मागितली नाही. मागितली असती तरी मी दिली नसती, आणि बहुधा ते त्यांना कळत होतं. मी बादली घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले.

लादी वाळली. आधी मधली वाळली, मग कडेची. खिडकीतलं ऊन तिच्यावर कोरडं पडलेलं दिसत होतं. त्यांनाही दिसत होतं. त्यांची नजर तिथेच होती. खाली हॉर्न दोनदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. वरच्या मजल्यावरून दोन मुली आल्या, सरांना तसं उभं पाहून दुसऱ्या जिन्यानं गेल्या. दहा मिनिटं झाली. त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

मी उभं ठेवलं त्यांना. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग मी उठले, बादली भिंतीला लावली आणि म्हटलं, "वाळली."

ते माझ्यासमोरून गेले. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता, तसं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.